वकिलातीच्या रस्त्यावरचं चर्च



गेल्या महिन्यात रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांना घेऊन मी हिल स्ट्रीटवरच्या आर्मेनियन चर्चमध्ये जाऊन आले. दुसऱ्याच दिवशी आपल्यातल्या एका काकांचा फोन आला. काका मायाळू, पण बोलणं रोखठोक. म्हणाले, "बाई, मुलांना नवगावची गोष्ट सांगा, मलिद्याचं ताट कसं भरतात ते दाखवा, कीर्तनातली दोन पदं पाठ करून घ्या. आपली मोजकी मुलं मराठी शिकायला येतात. त्यांना दुसऱ्यांचं चर्च दाखवून काय मिळणार?"

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून या पुस्तिकेत लिहिते आहे, काकांसाठी आणि मुलांसाठीही.

सुरुवात एका शब्दावरून झाली. वर्गात आम्ही एक जुना मराठी उतारा वाचत होतो. त्यात 'वकिलात' हा शब्द आला. एका मुलानं लगेच अर्थ सांगितला, "वकिलाचं ऑफिस!" सगळे हसले, पण चूक त्याची नव्हती. आज वकील म्हटलं की काळा कोट आणि कोर्टच डोळ्यांपुढे येतं. पूर्वी वकील म्हणजे एका दरबारानं दुसऱ्या दरबारात ठेवलेला आपला माणूस. पेशव्यांचे वकील दिल्लीला असत, हैदराबादला असत. धन्याचं म्हणणं तिथे मांडायचं आणि तिथे जे दिसेल, जे कानावर येईल, ते पत्रानं पुण्याला कळवायचं, हे त्यांचं काम. त्यावरूनच परदेशी राजदूताची कचेरी ती वकिलात. मुंबईत आमच्या तरुणपणी व्हिसाची रांग लागायची ती ब्रीच कँडीच्या अमेरिकन वकिलातीपुढे.

मी मुलांना सांगितलं की सिंगापूरमधली अमेरिकन वकिलात १९९६ पर्यंत हिल स्ट्रीटवर होती, नंतर ती नेपियर रोडला गेली. आणि त्याच हिल स्ट्रीटवर, हाकेच्या अंतरावर, आर्मेनियन चर्च आहे. हे बोलता बोलता मला हेन्री मॉर्गेंथाऊ आठवले. अमेरिकेचे वकील, जातीनं यहुदी, आणि ज्यांच्यासाठी ते भांडले ते आर्मेनियन. ती गोष्ट घडली इस्तंबूलमध्ये, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. पण सिंगापूरमध्ये ती सांगायची तर हिल स्ट्रीटसारखी जागा नाही, असं मनात आलं.

मग एका रविवारी सकाळी आम्ही वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन अबोथच्या फाटकापाशी जमलो. आपलं हे सिनेगॉग १८७८ सालचं. याच रस्त्यावर कृष्णाचं देऊळ आहे आणि चिनी लोकांचं क्वान यिमचं मोठं देऊळही. ब्रास बसाह रोड ओलांडला, व्हिक्टोरिया स्ट्रीटनं सरळ गेलो. स्टॅम्फर्ड रोडच्या पलीकडे त्याच रस्त्याचं नाव हिल स्ट्रीट होतं. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं लागली.

पांढरंशुभ्र, छोटंसं चर्च. १८३५ मध्ये बांधायला घेतलं आणि १८३६ मध्ये उघडलं. सिंगापूरमधलं हे सर्वांत जुनं चर्च. मागच्या बागेत जुने स्मृतिशिलालेख आहेत. अ‍ॅग्नेस जोआकिम यांचा दगड तिथे आहे. त्यांच्या नावाचं ऑर्किड १९८१ पासून सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे. ज्या सार्कीज बंधूंनी १८८७ मध्ये रॅफल्स हॉटेल सुरू केलं, तेही आर्मेनियनच. राष्ट्रीय फुलाला नाव यांचं, नावाजलेलं हॉटेल यांचं. त्यावरून वाटेल, केवढा मोठा समाज असेल! पण आर्मेनियन लोक सिंगापूरमध्ये कधीच फार नव्हते. एका मुलीनं विचारलं, "आंटी, आपल्याइतके?" मी म्हटलं, "हो, आपल्यासारखेच. बोटांवर मोजण्याइतके."

तिथे सावलीला बसून मी गोष्ट सांगितली. जमेल तशी ती इथे लिहिते.

हेन्री मॉर्गेंथाऊ यांचा जन्म १८५६ चा, जर्मनीतल्या मानहाइमचा. वडिलांचा सिगारचा मोठा धंदा होता. अमेरिकेनं तंबाखूवर जकात वाढवली आणि धंदा बसला. १८६६ मध्ये सगळं कुटुंब न्यूयॉर्कला आलं. हेन्री तेव्हा दहा वर्षांचे. तिथे शिकून ते कायद्याचे वकील झाले, पुढे जमिनी-इमारतींच्या व्यवहारात त्यांनी भरपूर पैसा मिळवला. १९१२ च्या निवडणुकीत वुड्रो विल्सन यांच्या पक्षाचा निधी जमवायचं काम त्यांच्याकडे होतं. विल्सन निवडून आले. मॉर्गेंथाऊंना मंत्रिमंडळात जागा मिळेल असं वाटत होतं. मिळालं काय, तर तुर्कस्तानची वकिलात.

त्यांना राग आला, आणि पहिल्यांदा त्यांनी नकार दिला. कारण समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत तेव्हा रीतच पडली होती की तुर्कस्तानला यहुदी माणूस पाठवायचा. ऑस्कर स्ट्राउस तिथे तीनदा जाऊन आले होते. मधे सॉलोमन हर्श होते. हिशेब असा की तुर्की राज्यात मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यात वाद, तेव्हा दोघांपैकी नसलेला माणूस बरा. शिवाय पॅलेस्टाइन त्याच राज्यात. मॉर्गेंथाऊंचं म्हणणं होतं की मी अमेरिकन म्हणून काम केलं, मग मला यहुद्यांसाठी राखून ठेवलेली खुर्ची का? शेवटी त्यांचे मित्र रब्बी स्टीफन वाइज यांनी समजूत घातली की तिथल्या आपल्या लोकांना तुमचा उपयोग होईल. ते तयार झाले आणि १९१३ च्या अखेरीस इस्तंबूलला पोचले.

वर्षभराच्या आत, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, युरोपात युद्ध पेटलं. पॅलेस्टाइनमधले यहुदी एका फटक्यात उघडे पडले. युरोपातून येणारी मदत बंद, संत्री आणि दारू बाहेर जाणं बंद, बाजारात पैसाच नाही. मॉर्गेंथाऊंनी ३१ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या जेकब शिफ यांना तार केली की ताबडतोब पन्नास हजार डॉलर आणि ते वाटायला जबाबदार माणसांची समिती हवी. न्यूयॉर्कच्या मंडळींनी रक्कम उभी केली. मॉर्गेंथाऊंचे जावई मॉरिस वर्थहाइम ते सोनं घेऊन नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकन युद्धनौकेनं याफाला गेले. पुढे मदत जमवणाऱ्या मंडळींनी नोव्हेंबरमध्ये एकत्र येऊन संस्था काढली, तिचंच नाव जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी.

इथे मी काकांना थांबवून विचारेन, "काका, हे नाव ओळखीचं वाटतं ना?" मुंबईत आपल्या समाजातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला 'जॉइंट' म्हटलं की कळतं. औषधपाणी, सणाची मदत, एकट्या राहणाऱ्यांची विचारपूस. ती जॉइंट हीच. एका वकिलाच्या तारेपासून निघालेला धागा आपल्या भायखळा-ठाण्यापर्यंत येऊन पोचला आहे.

इथवरची गोष्ट आपल्या माणसानं आपल्या माणसांसाठी केलेल्या कामाची. काकांनाही ती आवडेल. पुढची गोष्ट दुसऱ्यांची आहे.

१९१५ च्या वसंतात मॉर्गेंथाऊंच्या टेबलावर वेगळीच पत्रं येऊ लागली. अलेप्पोहून तिथले अमेरिकन कॉन्सल जेसी जॅक्सन लिहीत होते, हारपूतहून लेस्ली डेव्हिस लिहीत होते. मिशनरी बाया-माणसं स्वतः वकिलातीत येऊन डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होती. गावोगावच्या आर्मेनियन पुरुषांना वेगळं काढून मारलं जात होतं. बायका, मुलं आणि म्हातारे यांना घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं जात होतं. सरकारचं म्हणणं, हे लोक शत्रूला मिळाले आहेत, म्हणून त्यांना हलवतो आहोत.

वकिलाच्या कामाला एक हद्द असते. तो आपल्या देशाच्या नागरिकांसाठी बोलू शकतो, आपल्या देशाच्या व्यापारासाठी बोलू शकतो. आर्मेनियन लोक तुर्की राज्याची प्रजा होते. कोणत्याही कराराप्रमाणे अमेरिकेच्या वकिलाला त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क नव्हता. शिवाय अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती आणि पडायची तिची इच्छाही नव्हती.

तरी मॉर्गेंथाऊ बोलले. गृहमंत्री तलात यांच्याकडे गेले, युद्धमंत्री एन्व्हर यांच्याकडे गेले, पुन्हा पुन्हा गेले. जर्मनी तुर्कांचा मित्र, त्याच्या शब्दाला वजन, म्हणून जर्मन वकील वांगेनहाइम यांनाही गळ घातली. त्यांनी दाद दिली नाही. १६ जुलै १९१५ ला मॉर्गेंथाऊंनी वॉशिंग्टनला तार केली. बंडाचा बहाणा करून एका सबंध वंशाचा नाश चालवला आहे, असा तिचा मतलब होता. लक्षात घ्या, तेव्हा अशा गुन्ह्याला शब्दसुद्धा नव्हता. जेनोसाइड हा शब्द पोलंडच्या राफाएल लेमकिन या यहुदी कायदेपंडितानं घडवला आणि तो १९४४ मध्ये छापला गेला.

मॉर्गेंथाऊंनी १९१८ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात तलात यांच्याशी झालेलं एक बोलणं आहे. तलात यांनी विचारलं की तुम्ही यहुदी, हे लोक ख्रिस्ती, तुम्हाला त्यांचं एवढं काय पडलंय? आम्ही यहुद्यांना तर काही त्रास दिलेला नाही. यावर मॉर्गेंथाऊंचं उत्तर असं की मी इथे यहुदी म्हणून आलेलो नाही, अमेरिकेचा वकील म्हणून आलो आहे. आणि तेही बाजूला ठेवा, मी माणुसकीच्या नावानं सांगतो आहे.

हा भाग सांगत असताना मला काकांचा फोन यायचा होता. आता वाटतं, काकांनी मला जे विचारलं त्याची जातकुळी तलात यांच्या प्रश्नाशी थोडी मिळते. रागावू नका, काका. तुमचा प्रश्न प्रेमापोटी आहे, त्यांचा कशापोटी होता ते आपण जाणतो. पण दोन्हींत एकच गोष्ट गृहीत धरली आहे, की प्रत्येकानं आपापल्यांचं बघावं.

चर्चच्या आवारात तेरा वर्षांच्या एका मुलानं विचारलं, "मग त्यांनी थांबवलं का ते?" नाही थांबवता आलं. बरेचसे इतिहासकार मेलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर सांगतात. १९१६ च्या सुरुवातीला मॉर्गेंथाऊ थकून, खचून घरी परतले. मुलगा म्हणाला, "म्हणजे ते हरले."

त्यावर मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक मॉर्गेंथाऊंची, एक माझी.

मॉर्गेंथाऊंची अशी. १९१४ मध्ये याफाच्या यहुद्यांसाठी त्यांनी काय केलं होतं? तार केली, न्यूयॉर्कमध्ये समिती उभी राहिली, पैसा आला, तो विश्वासू माणसांच्या हातून वाटला गेला. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये आर्मेनियन लोकांसाठी त्यांनी हाच कित्ता गिरवला. पुन्हा तार, पुन्हा समिती, पुन्हा पैसा. त्या समितीची पुढे 'निअर ईस्ट रिलीफ' झाली. १९३० पर्यंत तिनं अकरा कोटी डॉलरहून जास्त मदत जमवली आणि लाखाहून जास्त अनाथ मुलं सांभाळली. आपल्या लोकांना वाचवताना जो मार्ग सापडला, तोच त्यांनी दुसऱ्यांसाठी वापरला. राग येऊन नाकारलेली ती राखीव खुर्ची शेवटी अशी कामाला आली. आणि त्यांनी व त्यांच्या कॉन्सलांनी जे लिहून ठेवलं, ते पुसता आलं नाही. तुर्कस्तानचं सरकार जेनोसाइड हा शब्द आजही मान्य करत नाही. पण २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तो अधिकृतपणे उच्चारला. त्यामागच्या पुराव्यात या जुन्या तारा आणि पत्रं आहेत. पेशव्यांच्या वकिलाचं दुसरं काम आठवा, जे दिसेल ते कळवायचं.

आता माझी गोष्ट. ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती.

सिंगापूरला नवीन आले तेव्हा मी एका कचेरीत काम करत होते. तिथे सफाईला एक तमिळ बाई होत्या, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. एका दुपारी किरकोळ खर्चाच्या पैशांचं पाकीट गायब झालं. संशय अक्कांवर आला. त्या वेळी अक्का पॅन्ट्रीत माझ्यासमोर बसून चहा पीत होत्या. मला पक्कं ठाऊक होतं. मी फक्त उठून एवढंच म्हणायचं होतं, "त्या माझ्याबरोबर होत्या." मी म्हटलं नाही. माझा परवाना नवा, ओळखी नाहीत, आणि घरात लहानपणापासून ऐकलेलं की आपण थोडे, आपण नजरेत भरू नये. अक्कांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं.

मुलं गप्प होती. मग तोच मुलगा म्हणाला, "पण आंटी, तुमची नोकरी गेली असती तर?" मी म्हटलं, "गेली असती कदाचित. मॉर्गेंथाऊंच्या पाठीशी अमेरिका होती, माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. हे खरंच आहे. पण मला एक वाक्यच बोलायचं होतं."

आपल्याकडे दारफळणीचा सण असतो. माझी आजी त्या दिवशी घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची. बाहेरच्याशी बोलणं नाही, देणं-घेणं नाही, उपास आणि क्षमा मागणं. लहानपणी मला वाटायचं, आपला धर्म म्हणजे दार लावून घेणं. मोठेपणी कळलं की दार लावायचा दिवस वर्षात एकच असतो. आणि त्या दिवशी ज्यांची क्षमा मागायची, ती माणसं बाकीच्या दिवसांत भेटलेली असतात, दाराबाहेरचीही. दर वर्षी त्या दिवशी मला अक्का आठवतात.

मॉर्गेंथाऊ काही संत नव्हते, हेही मुलांना सांगितलं. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना माहीत असेल की ते झायनिस्ट चळवळीच्या विरोधात होते आणि त्यांनी ते उघड लिहिलंही. १९१९ मध्ये ते पोलंडमधल्या यहुद्यांवरच्या हल्ल्यांची चौकशी करायला गेले, तेव्हा त्यांचा अहवाल फार मवाळ आहे म्हणून आपलेच लोक त्यांच्यावर नाराज झाले. १९२३ मध्ये मात्र ग्रीसमध्ये आलेल्या दहा लाखांहून जास्त निर्वासितांना वसवण्याच्या आयोगाचे ते प्रमुख झाले. ते निर्वासितही ख्रिस्तीच होते.

त्यांच्या मुलाचं नावही हेन्री. तो रुझवेल्ट यांच्या सरकारात अर्थमंत्री होता. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या यहुद्यांच्या कत्तलीच्या बातम्या येत असताना सरकारी कचेऱ्या दिरंगाई करत होत्या. १९४४ च्या जानेवारीत त्यानं अध्यक्षांपुढे तो कारभार मांडला आणि निर्वासितांसाठी वेगळं मंडळ स्थापन करायला लावलं. फार उशीर झाला होता, तरी हजारो जीव वाचले. वडील तेव्हा हयात होते. १९४६ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

काका, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. १९६४ साली इस्राएलमध्ये आपले बेने इस्राएल लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले होते. आपण खरे यहुदी आहोत की नाही, आपल्याशी लग्न लावायचं की नाही, असा प्रश्न काढला गेला होता. तुम्हाला ते दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. तेव्हा आपल्याबाहेरचे लोकही आपल्या बाजूनं उभे राहिले, म्हणून सरकारला आपलं यहुदीपण स्पष्ट शब्दांत मान्य करावं लागलं. त्या लोकांनी म्हटलं असतं की कोकणातून आलेल्या तेल्यांचं आम्हाला काय, तर?

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या आपल्या पूर्वजांना कुणीतरी थारा दिला, म्हणून आपली गोष्ट सुरू झाली. ती गोष्ट मुलांना शिकवायचीच. पण तिच्यात थारा देणारेही आहेत. मुलांनी दोन्ही बाजूंनी ती ओळखावी, म्हणून मी त्यांना हिल स्ट्रीटला नेलं.

हा लेख छापायला देण्याआधी काकांना वाचून दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अक्कांचा पत्ता काढला का कधी?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "काढायला हवा होता." आणि थोड्या वेळानं, "तरी पण बाई, पुढच्या रविवारी मलिदा."

मलिदाच करणार आहोत. मुलांनो, पोहे आणि नारळ मी आणते. तुम्ही घरी आजी-आजोबांना एक प्रश्न विचारून या. आपल्या घरासाठी बाहेरचं कोण, कधी, काय बोललं होतं? उत्तर मराठीत लिहून आणा, चार ओळी पुरेत.